चाल : स्वतंत्र

संगमनेर
१२ जानेवारी २०२५

आयु. जयाताईस,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, कुणी गेलेलं नाही. मी कागदावर लिहितोय याला कारण तुझा अंगठा.

मागच्या रविवारी मी आपल्या घरच्या ग्रुपवर एक गाणं टाकलं. सोबत चार ओळी लिहिल्या, कुठे काय ऐकायचं ते सांगितलं. गाणं पाच मिनिटं बारा सेकंदांचं. तुझा अंगठा आला अकराव्या सेकंदाला. सम्राटनं ‘नाइस काका’ लिहिलं. त्याच्याखाली कुणीतरी गुलाबाचं फूल घालून शुभ सकाळ केलं, तेही दुपारी. तेवीस माणसांत एकालाही ते गाणं शेवटपर्यंत ऐकावंसं वाटलं नाही. मी ग्रुपमधून बाहेर पडलोय. तुला वाटलं असेल रुसला, तर बरोबर वाटलं. पत्राला अंगठा दाखवून मोकळं होता येत नाही, निदान फोडावं तरी लागतं.

आता नीट वाच. सिनेमाचं नाव ‘मुसाफिरखाना नंबर तीन’, साल १९७३. तुला माहीत नसेल, कुणालाच नाही. आठवड्यात उतरला असणार. तबकडीवर सहा गाणी. पाच गाणी तीच, बागेत पळायची आणि हॉटेलात नाचायची. सहावं दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, उरलेल्या जागेत बसवल्यासारखं. हिरॉइनच्या तोंडी नाही म्हणून कुणी विचारलं नाही. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत झाडलोट करणारी एक म्हातारी ते म्हणते. आसपास गाडीची वाट बघणारे लोक आडवे झालेत, आणि कंदिलाकडे बघून ती म्हणते, ‘लौ ज़रा नीची करो, कोई अभी सोया है.’ पेटी, बासरी आणि खंजिरी, एवढंच. गाणारीचं नाव तबकडीवर धड छापलेलंही नाही.

‘सोया’ हा शब्द ती ठेक्यावर टाकत नाही. जरा उशिरा टाकते, झोपलेल्या माणसाचे पाय ओलांडून जावं तसा. दोन अंतरे एका चालीत जातात, आणि तिसऱ्याला चाल एकदम वर चढते. मला गाडी धरायची नाही, मी इथलीच, असं काहीसं ती म्हणते. मी तिसरा अंतरा ऐकला आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. डेअरीतून निवृत्त झाल्यापासून हे गाणं शोधत होतो. मोबाईलवर एकशे चाळीस वेळा वाजलंय म्हणे, त्यातल्या साठ वेळा मीच वाजवलं असेल.

एवढं चांगलं गाणं आणि त्याला कुणी वाली नाही, याचा मला राग येतो. तू एकदा शेवटपर्यंत ऐक, आणि काय वाटलं ते लिही. छान आहे असं लिहू नकोस. खरंच काय वाटलं, काय आठवलं, ते लिही. काकीलाही ऐकव.

तुझा,
जालिंदर


सोनई
२१ जानेवारी २०२५

जालूस,
जयभीम.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी शाईत बुडवून सोडल्यासारखं. चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या म्हणून लागलं.

अंगठ्याबद्दल माफी मागणार नाही. या घरात माझ्यामागे काय काय आहे तुला माहीत नाही. तात्या असते तर यंदा शंभरीत असते, आणि लेक म्हणून सगळं माझ्यावर. १४ एप्रिलला त्यांच्या गाण्यांचं पुस्तक काढतेय, चौऱ्याऐंशी गाणी आहेत. वहीची पानं वाळक्या भाकरीसारखी तुटतात. मी वाचते, सूनबाई प्रज्ञा टाइप करते, आणि मधेच तू गाणी पाठवतोस.

पण काल ऐकलं. प्रज्ञानं आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा केला. मी मेथी निवडत होते. पहिली ओळ झाली, आणि आई खाटेवरून पुढची ओळ म्हणायला लागली, मराठीत. ‘वात जरा वर कर, माये, अजून एक पान राहिलं.’

जालू, हे आपलं गाणं आहे. तात्यांचं. सोनईपासून नेवाशापर्यंत असा एक समाजमंदिराचा ओटा नाही जिथं जयंतीला हे होत नाही. शाळकरी मुलगी आईला म्हणते, कंदिलाची वात वर कर, मला वाचायचंय. बाया डोळ्याला पदर लावतात. आणि तू त्याला मुसाफिरखाना म्हणतोस?

तात्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. गायन पार्टीवाले सगळेच सिनेमाच्या चाली घ्यायचे, त्यात चोरी कसली, लोकांच्या कानात बसलेली चाल असली की शब्द लवकर पोचतात. पण तात्यांनी प्रत्येक गाण्यावर ‘चाल :’ करून सिनेमाच्या गाण्याचं नाव टाकलंय. एकदा एका चालीचं नाव आठवेना, तर ते गाणं दोन महिने म्हटलं नाही. चौऱ्याऐंशी गाण्यांत हे एकच त्यांचं स्वतःचं. पुस्तकात पान एकेचाळीस, ‘चाल : स्वतंत्र’.

म्हणजे सिनेमावाल्यांनी उचलली. मुंबईहून कुणी जयंतीला आलं असेल, ऐकली, आणि नेली. सोनईतल्या माणसाला कोण विचारतो? मी प्रस्तावनेत एक पान वाढवतेय. नाव घालून लिहिणार आहे.

मला एवढंच कळत नाही. तू पार्टीत तात्यांच्या शेजारी खंजिरी वाजवायचास. तुला गाणं ऐकल्याबरोबर ओळखू कसं आलं नाही?

जया


संगमनेर
२८ जानेवारी २०२५

जयाताई,

तुझं पत्र वाचून मी तांब्याभर पाणी प्यालो. ते पान लिहू नकोस.

जरा तारखा बघ. तात्यांचं गाणं पहिल्यांदा झालं १४ एप्रिल १९७४ ला, सोनईतच, शाळेच्या मैदानावर. म्हटलं कुणी? तू. दोन वेण्या घालून. तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि दुसऱ्या कडव्याला विसरली होतीस. तबकडी १९७३ ची आहे. मग सिनेमावाले एक वर्ष आधी येऊन काय ऐकून गेले? पुस्तकात असलं काही छापलंस तर नगरमधला कुणीही पोरगा मोबाईल काढून साल दाखवेल आणि तात्यांचं हसं होईल. ज्या माणसानं त्र्याऐंशी वेळा दुसऱ्याचं नाव टाकलं, त्याला तू भर सभेत खोटा पाडशील.

योगायोग असेल. सात सूर आहेत, फिरून फिरून जातील कुठे? ‘चाल : स्वतंत्र’ हेही काढून टाक. त्या पानावर चालीचा उल्लेखच ठेवू नकोस. कुणी विचारत नाही.

आणि एक. मी तुला गाणं कसं वाटलं ते विचारलं होतं. तू चोर पकडायला निघालीस. त्या म्हातारीच्या आवाजाबद्दल, तिसऱ्या अंतऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. निदान ते तरी लिही.

जालिंदर


सोनई
७ फेब्रुवारी २०२५

जालिंदर,

योगायोग म्हणे. मी शाळेत असताना दोन मुलांच्या वहीत एकच चुकीचं उत्तर सापडलं की तेही योगायोगच म्हणायचे.

साल मलाही मोजता येतं. तात्या चाल मनात घोळवायचे, लिहायचे नंतर. दोन वर्षं आधीपासून गुणगुणत असतील. मी तेव्हा घरात होते, तूही होतास. काकांची, तुझ्या वडिलांची, नोकरी लांबच्या साखर कारखान्यात होती म्हणून तू दहावीपर्यंत आमच्याच ताटात जेवलास. तात्यांची बाजू घ्यायला तुला काय होतं?

आता निघालंच आहे तर सांगते, बरीच वर्षं पोटात ठेवलंय. तात्या तुझ्यामागे पेटी घेऊन फिरायचे. जालू, बस जरा, म्हणायचे. तुला कधी गणित असायचं, कधी पोट दुखायचं. अकरावीला संगमनेरला गेलास तो पार्टीत परत कधी बसलाच नाहीस. सुट्टीत आलास तरी कार्यक्रमाच्या दिवशी गावाला निघून जायचास. तात्या म्हणायचे, पोरगं शिकतंय, शिकू द्या. पण ओट्यावर बसून तुझी एसटी येते का बघायचे. ९८ साली ते गेले, तेव्हा सगळी वस्ती हेच गाणं म्हणत मागून चालत होती. तू माझ्या शेजारी होतास. तुझं तोंड मिटलेलं होतं. मी बघत होते.

मी तेव्हाच समजले, याला आपल्या गाण्यांची लाज वाटते. साहेब झाला, हिंदी सिनेमाचा दर्दी झाला. आज बापासारख्या माणसाचं गाणं एकीकडे आणि एक पडलेला सिनेमा दुसरीकडे, तर तुला सिनेमाचाच पुळका. म्हणून तुझं दुर्लक्षित गाणं मला ऐकायचं नाही, आणि त्या म्हातारीबद्दल मला काहीही वाटत नाही.

पान लिहून झालं. ‘या चालीवर हिंदी सिनेमावाल्यांनी डल्ला मारला, त्याला आज आम्ही जाहीर उत्तर देत आहोत,’ अशी सुरुवात आहे. ५ मार्चला छपाई. १४ एप्रिलला स्टेजवरून ते पान तू वाचायचंस. तुझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं असेल तर आधी सांग. नसेल तर गप्प राहा, तुला त्याची सवय आहे.

जयमाला


संगमनेर
२ मार्च २०२५

ताई,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. हे फाडलं तर पाचवं लिहायला वेळ उरणार नाही.

चाल तात्यांची नाही, आणि सिनेमावाल्यांनी चोरलेलीही नाही. चाल मी आणली.

७४ सालच्या यात्रेत सोनईला तंबूतला सिनेमा आला होता. आदल्या वर्षी तिथे मारामारी झाली म्हणून तात्यांनी आपल्याला सक्त बंदी केली होती, आठव. मी गेलो. सहाच्या खेळाला, मागच्या बाजूनं, कनातीखालून सरपटत. आत पडलो तो नेमका हाच सिनेमा आणि हेच गाणं. कंदील, म्हातारी, झोपलेली माणसं. दोन अंतरे झाले आणि तंबूच्या माणसानं माझा कान धरला. ‘कुनाचा रं तू?’ म्हणाला आणि त्याच कानानं बाहेर काढला. तिसरा अंतरा माझ्या मागे वाजत होता, पण इंजिनाच्या आवाजात काही कळलं नाही.

घरी येताना तेच गुणगुणत आलो. तात्या ओट्यावर पेटी पुसत होते. म्हणाले, ‘जालू, ही चाल कुठली?’ आता काय सांगू? तंबूत गेलो होतो म्हणालो असतो तर दुसरा कानही गेला असता. म्हणालो, ‘माझीच हाय. कंदिलाची हाय.’

मला वाटलं होतं रागावतील, खोटं बोलतो म्हणतील. त्यांनी पेटी ओढली आणि म्हणाले, ‘पुन्हा म्हन.’ तीनदा म्हणायला लावली. मग मला उचलून घेतलं. नऊ वर्षांच्या घोड्याला, ताई. काकीला हाक मारली, ‘अगं चांगुणा, पोरानं चाल केली.’ त्यानंतर मला खरं सांगता आलं असतं असा एकही दिवस उगवला नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तुम्ही ते गाणं बसवलं, जयंतीला झालं, सगळ्या तालुक्याला पाठ झालं.

ते पेटी घेऊन माझ्यामागे का फिरायचे, तुला माहीत नाही. ते म्हणायचे, ‘जालू, तिसऱ्या कडव्याला चाल वर जाया पायजे. कुठं जाती, सांग की.’ तिसऱ्या कडव्यात मुलगी आईलाच म्हणते ना, माये, आता तू ये, बस, तुला एक अक्षर शिकवते. तिथं पहिलीच चाल त्यांना खुपायची. त्यांना बरोबर ऐकू येत होतं की पुढे काहीतरी आहे. आणि माझ्याकडे पुढचं नव्हतंच, कारण पुढचं वाजत होतं तेव्हा माझा कान दुसऱ्याच्या हातात होता. काय सांगणार? म्हणून गणित, म्हणून पोटदुखी, म्हणून संगमनेर. लाज वाटायची हे खरं आहे. गाण्यांची नाही.

त्यांच्यामागून चालताना तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याची मला भीती वाटत होती.

ग्रुपवर गाणं टाकलं ते कुणीतरी ओळखावं म्हणूनच. वाटलं, तू ऐकशील आणि विचारशील, जालू हे कसं काय. मग सांगणं सोपं जाईल. तू अंगठा दिलास. नंतर ओळखलंस, तर भलत्यालाच चोर ठरवलंस. साठीला आलेल्या माणसाला साधं पकडलं जाणंही नीट जमू नये, याचा मला स्वतःचाच वैताग आलाय.

तात्यांना खोटं मी पाडलं. पुस्तकात काय छापायचं ते तू ठरव. मला स्टेजवर बोलावू नकोस.

जालू


सोनई
१० मार्च २०२५

जालू,

तुझं पत्र ७ तारखेला मिळालं. छपाई ५ ला झाली. पाचशे प्रती घरात रचून ठेवल्यात आणि प्रत्येकीत ते डल्ला मारलेलं पान आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुला कसली घाई होती, आणि तू पत्र पोस्टात टाकलंस. फोन काय मेला होता? मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की प्रज्ञानं मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी आईला पत्र वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘येवढंच व्हय? त्या दिशी पोरगं आलं तवा त्याचा एक कान लाल आन् दुसरा पांढरा हुता. गुडघ्याला माती. मी काय आंधळी हुते? तंबूत गेल्तं, मला तवाच कळलं.’ मी म्हटलं, मग तात्यांना का नाही सांगितलंस? ‘त्यास्नी लई आनंद झाल्ता. आन् गानं चांगलं हुतं. मला कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.’ आता या दोघांना काय म्हणायचं? पन्नास वर्षं एक गप्प इकडे, एक गप्प तिकडे, आणि मी मध्ये बसून प्रस्तावना लिहितेय.

आता माझं. तुझं पत्र वाचून वही पुन्हा काढली. ते पान मी प्रज्ञाला दाखवलं नव्हतं, स्वतःच वाचून टाइप करून घेतलं होतं. तात्यांनी तिथं ‘चाल : स्वतंत्र’ लिहिलेलंच नाही. त्यांनी लिहिलंय, ‘चाल : चि. जालिंदर’. निळ्या शाईनं, खाली दोन रेघा मारून. मला वाटलं, कौतुकानं लिहिलंय, नऊ वर्षांचं पोर कसली चाल करतंय. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की जो त्यांच्यामागून तोंड मिटून चालला त्याचं नाव मला त्यांच्या पुस्तकात नको होतं. म्हणून मी ते काढलं आणि स्वतंत्र घातलं. खोटं तू नऊ वर्षांचा असताना बोललास. मी चौसष्टाव्या वर्षी छापलं. त्यामुळे तुला बोलायला माझ्याकडे फारशी जागा उरलेली नाही, आणि याचाच मला जास्त राग येतोय.

ते गाणं मी काल पुन्हा ऐकलं. दोनदा, शेवटपर्यंत, हातातली कामं बाजूला ठेवून. तुला लिहून हवं होतं ना, घे. म्हातारी ‘सोया’ उशिरा म्हणते हे खरं आहे. मीही ‘पान’ तसंच उशिरा म्हणते, तात्यांनी शिकवलं म्हणून, आणि त्यांना तू. म्हणजे तिची ती लकब कनातीखालून निघून इथवर आली. तू म्हणतोस त्या गाण्याला कुणी वाली नाही, एकशे चाळीस वेळाच वाजलं. अरे शहाण्या, नेवासा तालुक्यात ते एकावन्न वर्षं दर जयंतीला वाजतंय. पाळण्यात वाजतंय, लग्नात वाजतंय, मयताला वाजतंय. त्या म्हातारीला कुणी सांगायला हवं होतं.

तिसरा अंतरा आला तेव्हा आई खाटेवर उठून बसली. तिनं त्यावर आपलं तिसरं कडवं म्हणून बघितलं, ‘आता तू ये, माये, जवळ.’ बरोबर बसतं. तात्या जिथं अडायचे तिथंच चाल वर जाते. आईचा आवाज पोचला नाही, खोकला आला.

प्रज्ञानं चिठ्ठ्या छापून घेतल्यात. ‘पान ४१. चाल : हिंदी सिनेमा मुसाफिरखाना नंबर तीन. चाल आणली : चि. जालिंदर, वय वर्षे नऊ.’ पाचशे चिठ्ठ्या चिकटवायच्या आहेत आणि पाचशे प्रस्तावनेची पानं ब्लेडनं कापायची आहेत. हे काम मी करणार नाही. रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं ये, डिंकाची बाटली घेऊन.

स्टेजवर काही वाचायचं नाही, पण खंजिरी तुलाच वाजवायची आहे. वस्तीतल्या मुलींना तिसरं कडवं नव्या चालीत बसवायचंय आणि मोबाईल पेल्यात ठेवून ते होत नाही. कुणीतरी पुढे बसून म्हणून दाखवावं लागतं. तेव्हा तिसरा अंतरा पाठ करून ये. आईनं तुला निरोप सांगितलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. ‘त्याला म्हनावं, पुढचं घिऊन ये. आन् या टायमाला दारातनं ये.’

जया